पुरे आणि पुरेसं

अहमदाबादेत राहणाऱ्याला आधुनिक वास्तुकला बघायला परदेशी जावं लागत नाही. ल कॉर्बुझिएची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत इथे आहे आणि पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींचं ‘संगाथ’ही. उघडं काँक्रीट, कोटा फरशी आणि भिंतीवरून सरकणारं ऊन यांची भाषा सोळा वर्षांत माझ्या कानाला सरावली. म्हणून आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला तेव्हा आतली रचना मीच कागदावर काढली. पांढऱ्या भिंती, वेताच्या पाठीच्या सागवानी खुर्च्या, मुठी नसलेली कपाटं आणि बैठकीच्या भिंतीला एक लांबलचक, बुटकी फळी. काढून टाकता येईल ते काढायचं, हा एकच नियम. अनुवादाच्या शेवटच्या खर्ड्यावर मी हेच करते.

बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून कायमची आमच्याकडे येणार होती. तिने एकच वस्तू आणायची म्हटलं, ती म्हणजे देव्हारा. आजोबांनी तिथल्या सुताराकडून करून घेतलेला, अडीच फुटी, सागवानी. शिखर, महिरप आणि महिरपीच्या दोन बाजूंना दोन मोर. माझ्या कागदावर त्याला जागा नव्हती. कपाटात ठेवू, पूजेपुरतं दार उघडू, असं मी फोनवर सुचवलं. आई म्हणाली, “देवांना कपाटात कोंडणार असशील, तर मलाही तिथलीच एक फळी दे. नाहीतर मी इथेच बरी आहे.”

प्रश्न मोरांचा राहिला नव्हता.

नक्षीविरुद्धचा सगळ्यात गाजलेला खटला आडोल्फ लोस या व्हिएन्नाच्या वास्तुकाराने 1910 च्या सुमारास उभा केला. त्याच्या निबंधाच्या शीर्षकाचं मराठी काय करावं? ‘अलंकार आणि गुन्हा’. लोस म्हणतो, नक्षी म्हणजे वाया गेलेले श्रम आणि त्यापायी वाया गेलेली प्रकृती. हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पण त्याच निबंधात तो अंगावर गोंदणाऱ्या पापुआच्या माणसाला संस्कृतीच्या खालच्या पायरीवर बसवतो. माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं. तिची पायरी कुठली, हे लोसला विचारायची गरज नाही.

आणि तरी, निबंधाच्या ओघात लोस स्वतःच एक सूट देतो. त्याचे जोडे करणारा कारागीर त्यावर नक्षी काढतो. जादा पैसे देऊन सपाट जोडा मागितला तर त्या माणसाचा आनंदच हिरावला जाईल, म्हणून लोस ती नक्षी पायात घालतो.

मी अडले ती शीर्षकातल्या पहिल्या शब्दापाशी. ‘अलंकार’ या शब्दात ‘अलम्’ आहे. अलम् म्हणजे पुरेसं. एखादी गोष्ट पुरेशी, सज्ज करणं म्हणजे अलंकार. संस्कृतात ‘पुरे, आता थांब’ असं सांगायलाही हाच ‘अलम्’ वापरतात. म्हणजे लोसचा निषेध आणि आईचा हट्ट एकाच शब्दात शेजारी राहतात. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त याची कसोटीही सांगून ठेवली आहे: रसाच्या ओघात, वेगळा खटाटोप न करता येतो तो अलंकार खरा. एम.ए.च्या परीक्षेत मी यावर पानं भरली होती. पण कसोटी लावायची वेळ आली ती फर्निचर करताना.

आईच्या घरात देव्हारा शोभेसाठी नव्हताच. दिवस तिथून सुरू व्हायचा. तो काढला असता तर घर साधं झालं नसतं, अपुरं झालं असतं.

मी फळी मधोमध तोडली आणि तिथे बिनदाराचा कोनाडा काढला. पाटावर बसून आईचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. मिस्त्री कच्छचे. साताऱ्याहून देव्हारा आला तेव्हा त्यांनी मोरांच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं आणि गुजरातीत विचारलं, “हे कोणाच्या हातचं?” दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कोनाड्याची कड सपाट राहिली नव्हती, तिच्यावरून एक बारीक गोलाई फिरली होती. मी सांगितली नव्हती. त्यांनी तिचे पैसेही मागितले नाहीत.

बाकीच्या भिंती मोकळ्याच आहेत. आईला त्या खटकतील अशी मला धास्ती होती. आठवडाभराने ती म्हणाली, “बरं केलंस. तिकडे तसबिरी पुसून पुसून माझे खांदे भरून यायचे.” लोसचा मुद्दा इतक्या थोडक्यात मी कुठे वाचलेला नाही, त्याच्या हिशेबात घडवणाऱ्याचे श्रम होते, पुसणारीचे नव्हते.

दर शनिवारी ती जुना टूथब्रश घेऊन मोरांच्या पिसांमधली धूळ काढते. अर्धा तास लागतो. मी हात पुढे केला तर म्हणते, “तू राहू दे.”