दुसरो तंबोरो

मागच्या मे महिन्यात आठवडाभर घरी गेलो होतो. घर म्हणजे मालवण, आणि अगदी नेमकं सांगायचं तर कुंभारमाठ. बंदराकडून वर चढलं की जो जांभ्याचा माळ लागतो ना, तिथे. समुद्र दिसत नाही, पण खारं वारं बरोबर पोचतं. सायकलपासून गेटच्या कडीपर्यंत सगळ्याला गंज.

गेल्या गेल्या पाहिलं तर बाबा किशोरी आमोणकर ऐकत होते. मोबाईलवर. आणि मोबाईल आवाज मोठा यावा म्हणून स्टीलच्या पेल्यात उभा केलेला! शेजारीच, क्रोशाच्या रुमालाखाली, काकांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला जपानी रिसीव्हर. (कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच फुकट जाहिरात.) ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात. मागे टेप, रेकॉर्ड प्लेअर वगैरे जोडायला सॉकेट्स, पुढे दोन किलोचा वाटावा असा व्हॉल्यूमचा नॉब, आणि दोन लाकडी स्पीकर. आम्ही लहानपणी त्यावर पणजी केंद्र ऐकलंय. कॅसेट डेक मेला, मग रिसीव्हर नुसताच शोभेला उरला.

मी दोन वर्षांपूर्वी बाबांना एक ब्लूटूथ स्पीकर दिला होता. तो कपाटात, खोक्यासकट.

म्हटलं, आपण सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणवतो ना? ऑफिसातून निवृत्त झालेला माझा जुना लॅपटॉप बरोबर होताच. त्यात गाणी भरायची, रिसीव्हरला जोडायचा आणि इथेच ठेवून जायचा. दहा मिनिटांचं काम. (आमच्या धंद्यात 'दहा मिनिटांचं काम' म्हटलं की काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

भरड नाक्यावरून वायर आणली. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना. ऑक्सचं सॉकेट हिरवं पडलेलं, म्हणून शेजारच्या 'फोनो'त खुपसली. ही चूक करू नका. फोनो हे रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतं. तिच्यातून मिलिव्होल्टमध्ये सिग्नल येतो, तो शंभरेक पट वाढवायचा आणि वर खालचे स्वर मुद्दाम फुगवायचे, अशी त्याची रचना. लॅपटॉप त्याच्या कैक पट मोठा सिग्नल देतो. स्पीकरमधून जो आवाज आला तो ऐकून मांजर जे पळालं ते जेवणाच्या वेळेलाच परत आलं.

मग ऑक्सचं सॉकेट खोडरबरानं घासलं, नॉब पन्नास वेळा फिरवून त्याची खरखर घालवली. लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमीजास्त रिसीव्हरवर करायचं, हाही एक साधा नियम. उलट केलं तर अँप्लिफायर लॅपटॉपच्या कमजोर सिग्नलबरोबर त्याची कुरकुरही मोठी करतो. नोटिफिकेशन्स बंद करायला विसरू नका. आमच्या ऑफिस चॅटचं 'टुंग' त्या लाकडी स्पीकरमधून देवळातल्या घंटेसारखं घुमलं.

सगळं झालं. सीडीवरून उतरवलेला किशोरीताईंचा भूप लावला. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून. अर्ध्या मिनिटात एक डोळा उघडला.

"हो दुसरो तंबोरो कोणाचो?"

मला आधी कळेचना. मग ऐकू आलं. गाण्याच्या खाली एक सलग हूंऽऽऽ. विजेचा हम. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून हा आवाज ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला. पेटीवर बघायचं तर पांढरी पाचच्या किंचित वर. गंमत म्हणजे अमेरिकेत ६० हर्ट्झ, त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या मित्राकडे हाच हम काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी लागत असणार. तंबोऱ्याच्या स्वराबद्दल एवढ्या काटेकोर असलेल्या गायिकेच्या मागे महावितरणचा तंबोरा! बाबांचं बरोबर होतं, हे चालणार नव्हतं.

पुढचा दीड दिवस मी वाया घालवला. ड्रायव्हर बदलला. सँपल रेट ४४.१ किलोहर्ट्झ केला, जो सीडीचा असतो. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून इक्वलायझरमध्ये ५० आणि १०० हर्ट्झ कापून पाहिले, तर तबल्यातला डग्गाच गेला. वायर बदलून आणली. हम जसाच्या तसा. सॉफ्टवेअरवाल्याला प्रत्येक दुखणं सॉफ्टवेअरचंच वाटतं.

शेवटी वैतागून चार्जर काढला. हम गायब! लावला की परत.

म्हणजे दोष चार्जरच्या बाजूला. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडा विद्युतप्रवाह नेहमीच झिरपत असतो, तसं बनवलेलंच असतं ते. तिसऱ्या जाड पिनेतून तो गुपचूप जमिनीत जातो. ती वाट बंद असेल तर तो दुसरी शोधतो, आणि इथे त्याला ऑडिओ वायर सापडली होती. लॅपटॉपच्या कडेवर टेस्टर टेकवला तर मंद पेटला. फ्रिजच्या दारावर टेकवला. तिथेही पेटला.

इथे माझं संगीतावरून लक्ष उडालं. मीटर घेतला. फेज ते न्यूट्रल २२८ व्होल्ट. फेज ते अर्थ साधारण तेवढंच यायला हवं, आलं १४० आणि तेही डोलत होतं. म्हणजे घराचं अर्थिंग नावापुरतं. बाबांना विचारलं, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात का? म्हणाले, "येतत कधी कधी. चप्पल घालून उघडतंय." हे त्यांनी मला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. ऐंशीला टेकलेला माणूस, घरात एकटा.

अर्थिंगचा खड्डा घरामागे. कोळसा, मीठ आणि मधे लोखंडी पाईप. जांभा कोरडा असला की वीज जमिनीत नीट उतरत नाही. मीठ विरघळायलाही पाणी लागतं, कोळसा ते फक्त धरून ठेवतो. पण मे महिने काय आजचे आहेत? इतकी वर्षं हा प्रश्न कसा आला नाही?

"थंयच तुझी आवस भांडी घाशी," बाबा म्हणाले.

खरंच की. भांडी घासायचा दगड खड्ड्याला लागूनच होता. दिवसातून तीन वेळा ते पाणी तिथे मुरायचं. बाजूला अळू माजायचं, आणि आम्हाला वाटायचं आईच्या हाताला गुण आहे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. कामाला येणाऱ्या बाईंना उन्हापावसात बाहेर बसायला नको म्हणून स्वयंपाकघरात सिंक करून घेतलं. करून कोणी घेतलं? मीच. पुण्यात बसून, फोनवर. त्याचा पाईप पार दुसऱ्या बाजूच्या शोषखड्ड्यात नेला. दगडाजवळ जाऊन पाहिलं तर अळूचा मागमूस नव्हता.

विहिरीवरून आठ बादल्या आणून ओतल्या. जमीन अशी प्यायली की जणू बुडाशी भोक आहे. लगेच काही झालं नाही. तासाभरानं मीटर लावला, २०९. संध्याकाळी आणखी चार बादल्या, २२१. हम पूर्ण गेला नाही, स्पीकरला कान लावला तर अजून आहे. पण खुर्चीत बसणाऱ्याला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवून घेतला. गळती वाढली की तो लाईन तोडतो, अर्थिंग सुकलेलं असलं तरी. तुमच्या गावच्या घरी नसेल तर गाणी-बिणी राहू द्या, आधी तो बसवा. सिंकचं पाणी त्या बाजूला वळवायचं ठरवलं होतं, पण प्लंबर लग्नाच्या मोसमात कुठला मिळतोय. बाबा म्हणाले राहू दे, रोज सकाळी एक कळशी मीच ओतीन. मी नको म्हटलं, गुडघ्यांचा विषय काढला. त्यांनी व्हॉल्यूम वाढवला.

निघायच्या आदल्या रात्री भूप पुन्हा सुरुवातीपासून लावला. यावेळी दोन्ही डोळे मिटलेले राहिले.

पुण्याला आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन. पाठीमागे रिसीव्हर चालू होता.

"पाऊस इलो रे. आज कळशी नाय."