हरिहरेश्वरची टिपणं : किती पानं धरू?

हरिहरेश्वरात दुपारचं जेवण सकाळच्या चहाबरोबर ठरतं. 'किती पानं धरू?' असं विचारून काकू उत्तरासाठी उंबऱ्यात थांबतात. आकडा नक्की सांगायचा. 'बघू', 'जमलं तर येतो' हे इथे चालत नाही, कारण त्या आकड्यावर नारळ खवायला घेतला जातो, तांदूळ निवडला जातो, मासे खाणारं घर असेल तर कोळणीकडे निरोप जातो. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी लावलेल्या घरात चूल एक आणि हात दोन-चार. उरलेलं अन्न खपवायला दुसरं गिऱ्हाईक नसतं. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आपण शब्द देतो, त्या शब्दावर कुणीतरी चूल पेटवतं, आणि सांगितल्या वेळेला पानावर जाऊन बसणं आपल्यावर बंधन होतं. पैसे मोजून जेवणारा माणूस पाहुणा राहतो तो एवढ्यामुळे.

*

जेवणाची वेळ समुद्र ठरवतो. देवळामागून डोंगराच्या घळीतून पायऱ्या खाली खडकावर उतरतात; तिथून प्रदक्षिणेची वाट. लाटांनी खडकाला जाळी पाडलेली आहे, मध्येच वाटोळे खळगे आहेत, त्यात पाणी साचतं. ही वाट ओहोटीलाच चालायची. भरतीला उतरलेली माणसं इथे वाहून गेलेली आहेत, त्यामुळे गावातली माणसं या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाहीत.

हिशेब तिथीचा. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तो भरतीचा तास, थोडा इकडेतिकडे. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. अष्टमीला भरती सहाला, तर ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळी. म्हणून चतुर्थीला सकाळीच प्रदक्षिणा उरकून माणसं अकरालाच भुकेली होऊन परततात, अष्टमीला दीडशिवाय कुणी फिरकत नाही, आणि पौर्णिमेला आधी जेवण, मग प्रदक्षिणा. भात कधी चुलीवर चढवायचा हे काकू पंचांगावरून सांगू शकतात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा क्रमही त्या हिशेबात धरलेला असतो.

*

देवळाजवळच्या घरांत कांदा-लसणाशिवायचं पान मिळतं. पेशव्यांचं हे कुलदैवत, त्यांचं मूळ गाव श्रीवर्धन शेजारीच; दक्षिण काशी म्हणून इथे धार्मिक कार्यासाठी येणारे पूर्वीपासून आहेत. आलेल्याला जेवू घालणं हा या आळीचा जुना व्यवहार.

पानात वालाचं बिरडं असेल तर दिवस चांगला. वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. एका घरी मागच्या पडवीत हे चाललेलं मी बराच वेळ बघत बसलो. चिमटीत दाणा धरून जरा दाबला की साल बोटांत राहतं आणि दाणा टपकन परातीत पडतो. घाई केली तर दाण्याच्या दोन डाळी होतात आणि उसळीचा गाळ होतो. सोलणाऱ्या आजींचं लक्ष बोलण्यात होतं, दाणे मात्र सगळे अखंड. त्यावर नारळ, चवीला गूळ, आमसूल. एवढ्या कामाची भाजी 'एक प्लेट द्या' म्हटल्यावर पाच मिनिटांत येऊच शकत नाही.

मोदकांचंही तसंच. पिठीची उकड गरम असतानाच मळावी लागते, पारी पातळ हवी, कळ्या जवळजवळ. केळीच्या पानावर वाफवून आलेला मोदक फोडायचा आणि आत तूप सोडायचं. जेवणाच्या शेवटी मोदक मागणारे असतात, त्यांना मिळत नाहीत. ते रास्त आहे.

*

पाट्यांवर 'मालवणी थाळी' वाढत चालली आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मालवण इथून रस्त्याने शेकडो किलोमीटर दूर. तिथलं जेवण उत्तमच, पण रायगडच्या किनाऱ्याला स्वतःचं जेवण आहे. आगरी-कोळ्यांचा तिखट मसाला वेगळा, त्यांचं आंबट-तिखट कालवण वेगळं. श्रीवर्धन-म्हसळ्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या घरची तांदळाची भाकरी, खाडीच्या माशाचं कालवण आणि सांदण कुठल्या पाटीवर दिसतं? चित्पावनी पान, कोळी ताट आणि कोकणी मुसलमानी दस्तरखान असे तीन स्वयंपाक या एका टापूत नांदतात. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला ओळखीचं नाव हवं म्हणून तिन्ही एका मालवणी शब्दाखाली गाडले जाऊ नयेत.

*

संध्याकाळी श्रीवर्धनकडच्या रस्त्यावर एका परमिट रूममध्ये. समुद्र जवळ, पण दिसत नाही. इमारतीची पाठ समुद्राकडे, खिडक्यांना काळी काच, आत वातानुकूलन. एका बाजूला फळीचा आडोसा करून 'फॅमिली रूम'. मेनूकार्ड बारा पानी: पनीर टिक्का, चिकन मंचुरियन, दाल तडका, तंदुरी रोटी. मासे शेवटच्या पानावर, आणि भावाच्या जागी 'साईजप्रमाणे'.

मी कार्ड मिटलं आणि आज काय आलंय ते विचारलं. पोऱ्या विशीच्या आतला, तिथलाच. म्हणाला, 'सुरमई नाय साहेब. हाय ती बर्फातली. पापलेट बारीक हाय. मांदेली घ्या, सकाळी जीवना बंदरावरनं आणलीय.' शेजारच्या टेबलावर सुरमईच हवी होती. तिथे ती बर्फातली गेली.

मांदेली आली तेव्हा तेल अजून चुरचुरत होतं. बोटाएवढा मासा, पोटाशी सोनेरी झाक. डोकं काढलेलं, पोट साफ केलेलं, काटा तसाच. हळद, मीठ, आलं-लसूण, लाल मसाला आणि वरून तांदळाच्या पिठाचा हलका हात. रव्याचा जाड थर नव्हता. अशी तळली की काटा कुरकुरीत होतो आणि मासा शेपटीसकट खाता येतो. पहिल्या घासाला मीठ, मग मसाला, आणि शेवटी मांदेलीची स्वतःची गोडसर चव जिभेवर राहते. शिळ्या माशात ती पहिली जाते. सोबत गरम भाकरी मागितली तर आतून, मालकांच्या घरच्यांसाठी केलेली, दोन आणून दिली. कार्डावर भाकरी नव्हती.

त्या बारा पानांऐवजी दारात एक काळा फळा लावावा आणि रोज दुपारी चारला खडूने चार ओळी लिहाव्यात: काय आलं, कुठल्या बंदराचं, कसं करणार, काय भाव. विलायतेत किनाऱ्यावरच्या गावांतले पब हेच करतात आणि त्या फळ्यासाठी लोक लांबून येतात. आपल्याकडे तो फळा त्या पोऱ्याच्या तोंडी आधीच आहे.

*

दारूच्या बाजूबद्दल. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा नावात थोडा बदल होऊन आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. त्या कायद्याच्या सावलीत ही जागा घडली: काळ्या काचा, आडोसे, लपवाछपवी. घरच्यांना घेऊन मोकळ्यावर बसावं, एकाने बिअर घ्यावी, दुसऱ्याने कोकम सरबत, मुलांनी वाळूत खेळावं, अशी जागा या किनाऱ्यावर जवळजवळ तयारच झाली नाही. देवस्थानाच्या अंगणात ती नकोच. देऊळ आणि दुकान यांत अंतर राखण्याचा नियम योग्य आहे. पण गावाबाहेर, वाऱ्यावर, उजेडात असायला काय हरकत आहे?

आणि पेय तरी इथलं हवं. कोकणात नारळाची माडी काढणं हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा होता. इंग्रजांच्या १८७८च्या अबकारी कायद्याने माडी काढायच्या झाडावर भारी कर बसला आणि तिथून त्या धंद्याची घसरण सुरू झाली. गोव्यात पोर्तुगीज अंमल होता. तिथे काजूची फेणी टिकली, २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि गावातल्या तावेर्नात, म्हणजे गुत्त्यात, ती अजून तिथल्याच माणसाने गाळलेली मिळते. आपल्या परमिट रूममध्ये समुद्राची हवा खात माणूस लांबच्या कारखान्यातली बाटली उघडतो. चखण्यालाही शेंगदाणे आणि मसाला पापड, तेही बाजारातून. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आणि कांदा घालून केलेली जवळ्याची चटणी दहा पावलांवरच्या घरात असते.

*

सोलकढी लाल भडक आली तर समजावं की रंग आहे. आमसुलं भिजवून काढलेलं पाणी नारळाच्या दुधात मिसळलं की फिकट गुलाबीच होतं.

*

त्या नारळाची गोष्ट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या झाल्या: नारळ मुळासकट, पोफळी मधोमध मोडून. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या बागांत व्हायची त्या बागांत आकाश दिसायला लागलं. टाळेबंदीमुळे पर्यटक आधीच बंद होते. त्यात घरावरची कौलं गेली, वीज कित्येक दिवस नव्हती.

खानावळ आणि वाडी ही एकाच घराच्या मिळकतीची दोन अंगं. वाडीतला नारळ, केळीचं पान, आमसुलं, सुपारी हे विकत आणायचं नसतं म्हणून घरगुती पान परवडतं. वाडी गेली की नारळही बाजारातून येतो आणि तोच ताटाचा भाव वाढवतो. पोफळ धरायला सहा-सात वर्षं, नारळाला साधारण तेवढीच. २०२० नंतर लावलेली झाडं आत्ता कुठे धरायला लागतील. एखाद्या घरी ताटाचे दहा-वीस रुपये जास्त सांगितले तर घासाघीस करू नये.

*

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी माशांच्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली. त्याहून लहान पकडायचा नाही. अंडी घालण्याआधीच पिल्लू जाळ्यात आलं तर पुढच्या वर्षी समुद्रात काय राहणार, एवढं साधं कारण. हे राखायचं काम बंदरावरच्या अधिकाऱ्याइतकंच जेवणाऱ्याचं आहे. तळहाताहून लहान पापलेट 'छोटा पीस, स्वस्तात' म्हणून टेबलावर येतो आणि आपण तो खातो. मी आता नको म्हणतो, आणि का ते पोऱ्याला सांगतो. त्यालाही ते पटतं. त्याचा मामा बोटीवर जातो.

*

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. या ६१ दिवसांत कार्डावरची सुरमई आणि पापलेट कुठून येतात याचा विचार करावा आणि मागवू नयेत. पावसाळ्याचं जेवण वेगळं आहे आणि पोटभर आहे. खाडीच्या चिंबोऱ्या, कुळथाचं पिठलं, आणि उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून डब्यात भरलेला सुका माल: बोंबील, जवळा, सोडे.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. तुकडे करून, धुऊन, तेलावर कांद्याबरोबर परतले की सगळ्या घराला वास लागतो. त्यातच तांदूळ घालून खिचडी करतात, वर ओलं खोबरं. बाहेर पाऊस कौलांवर वाजत असतो आणि ही खिचडी पानात वाफाळत येते, तेव्हा ताज्या माशाची आठवणही होत नाही. विकत घेताना सोडे कोरडे खडखडीत बघून घ्यावेत, घरी आणल्यावर पुन्हा एक ऊन द्यावं. खिचडी तिथेच बसून खायची असेल तर आषाढात जावं. श्रावण लागला की बऱ्याच घरांत मासा बंद होतो, तो नारळी पौर्णिमेपर्यंत तरी.