बोगदा, गिट आणि पाटणची रेंज

पाटणच्या माणसाला बोगद्याचं कौतुक नवीन नाही. आमच्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडं पोफळीच्या बाजूला जातं आणि तिथं वीज तयार होते. १९९९ आणि २०१२ साली तर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून 'लेक टॅपिंग' केलं होतं. त्यामुळं व्हीपीएन म्हणजे काय हे आजीला समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. म्हटलं, "आजी, आपल्या घरापासून कंपनीपर्यंत इंटरनेटमधनं नेलेला बोगदा. आतनं काय चाललंय ते बाहेरच्याला कळत नाही."

आजी म्हणाली, "आरं, मग त्यो दिवसातनं धा येळा का ढासळतोय?"

प्रश्न बिनतोड होता! २०२४ च्या पावसाळ्यात मी इंटर्नशिप घरून करत होतो. पाऊस वाढला की रेंज जायची आणि रेंज गेली की व्हीपीएन तुटायचा. मग 'गिट पुल' मारलं की कर्सर नुसता लुकलुकत बसायचा आणि शेवटी 'टाइम आउट'. पुन्हा व्हीपीएन जोडा, पुन्हा कमांड मारा. कंपनीतले सर एकदा म्हणाले, "घरून जमत नसेल तर पुण्यात रूम बघ." स्टायपेंड केवढा आणि पुण्याचं भाडं केवढं! आमच्या तालुक्यातली किती माणसं कामासाठी मुंबईला माथाडीत गेली. इथं काम स्वतःहून घरी आलं होतं, ते रेंजपायी घालवायचं?

मग ठरवलं, गिटला गरज पडेल तेव्हा बोगदा आपोआप उघडला पाहिजे.

पहिला विचार कुणालाही सुचेल तोच, गिटचे हुक वापरायचे. गिटमध्ये 'प्री-पुश' नावाचा हुक आहे. पण गंमत अशी, की तो चालतो सर्व्हरशी बोलणं झाल्यावर. म्हणजे वरात दारात आल्यावर मांडव घालायचा! आणि 'पुल' किंवा 'फेच'च्या आधी चालणारा हुक तर गिटमध्ये नाहीच.

उत्तर गिटमध्ये नव्हतं, त्याच्या खालच्या मजल्यावर होतं. आमची रिपॉझिटरी एसएसएचवरून होती. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'मॅच' आणि 'एक्झेक' वापरून सांगता येतं, की अमुक होस्टला जोडण्याआधी ही स्क्रिप्ट चालव. माझी स्क्रिप्ट जेमतेम दहा ओळींची. व्हीपीएन चालू आहे का बघ, असेल तर गप्प बस. नसेल तर लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरला सांगून जोड, आणि सर्व्हर दिसेपर्यंत थांब. त्यानंतर 'पुल' मारा नाहीतर 'पुश', बोगदा तयार! (रिपॉझिटरी एचटीटीपीएसवर असेल तर एसएसएच मध्ये येतच नाही. तिथं गिटच्या कमांडभोवती स्वतःची छोटी कमांड गुंडाळावी लागते.)

आता खरी मेख. मित्र म्हणाला, "पासवर्डपण स्क्रिप्टमध्येच टाक की लेका!" ते मी केलं नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला कंपनीचं दार आपोआप उघडून मिळेल. म्हणून स्क्रिप्ट पासवर्ड आणि सहा आकडी कोडपाशी थांबते आणि मला विचारते. तो कोड मोबाईलमधलं ॲप वेळेवरून काढतं, त्याला रेंज लागत नाही. पाटणकरांसाठी हे वरदानच! स्क्रिप्ट लावण्याआधी कंपनीच्या सिस्टिम ॲडमिनला विचारलं, तेही बरं झालं. काही ठिकाणी असं जोडणं नियमात बसत नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्तानं उमगली. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक कमिट थेट सर्व्हरवर जातं, म्हणजे प्रत्येक कमिटला बोगदा हवा. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये गिट लिहिलं ते वेगळ्या विचारानं. अख्खा इतिहास आपल्याच मशीनवर. कमिट, ब्रँच, लॉग, सगळं नेटशिवाय चालतं. सर्व्हर लागतो तो देवाणघेवाणीपुरता. मी दिवसभर कमिट करायचो आणि रात्री रेंज आली की एकदाच पुश.

इंटर्नशिप पाटणमध्येच पूर्ण झाली. रूमचं भाडं वाचलं आणि आजीच्या हातची भाकरी मिळाली, हा बोनस! तेव्हा मित्रांनो, स्क्रिप्ट जरूर लिहा, पण एक ध्यानात ठेवा. पुन्हा पुन्हा करायचं काम यंत्राला द्या, दाराची किल्ली मात्र आपल्याच खिशात ठेवा.