अजिंक्य, पण अनिमंत्रित

गोष्ट आहे १९५१ सालची. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, म्हणजे 'डॉन्स'नी, त्या हंगामात नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. जेझुइट धर्मगुरूंनी चालवलेली ही लहानशी संस्था. तिच्या तिजोरीला फुटबॉलचा खर्च आधीच पेलवत नव्हता.

त्या काळी अमेरिकेतील विद्यापीठांचे नियमित सामने नोव्हेंबरअखेर आटोपत. त्यानंतर नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना 'बाउल' सामन्यांची निमंत्रणे येत. त्यात प्रतिष्ठा होती आणि मुख्य म्हणजे पैसा होता. मात्र ऑरेंज, शुगर, गेटर, कॉटन ही बडी बाउल्स दक्षिणेतल्या शहरांत भरत, आणि दक्षिणेत शाळेपासून पाणपोईपर्यंत सर्वत्र वर्णभेद कायद्यानेच लागू होता.

डॉन्सच्या संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची धाव घेतली. देशात त्याच्या पुढे कोणीही नव्हते. तरीही सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो नवव्या क्रमांकावर राहिला. त्या मतदारांना नेमके काय दिसत होते, हा प्रश्न आजही पडतो.

खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, हंगामाच्या शेवटी प्रशिक्षक जो कुहॅरिक यांनी संघापुढे वस्तुस्थिती ठेवली. मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवले, तर बाउल खेळता येईल. संघात जीनो मार्चेट्टी होता, दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर मशीनगन चालवून आलेला. उंचापुरा बॉब सेंट क्लेअर होता. या गोष्टीला पुढे मतदानाचे, भाषणांचे नाट्यमय रंग चढले; परंतु आठवणींतून दिसते ते असे, की वाद झालाच नाही. दोघे नसतील तर कोणीच जाणार नाही, एवढ्यावर विषय संपला. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हे ठरवायला फारसा विचार करावा लागला नाही, हेच या प्रसंगाचे खरे मोल म्हटले पाहिजे.

उघडपणे सांगितले गेलेले कारण वेगळेच होते: डॉन्सचे प्रतिस्पर्धी म्हणे दुबळे. पण याच डॉन्सनी कॉलेज ऑफ द पॅसिफिकला ४७-१४ असे लोळवले होते, आणि त्या पराभूत संघाला टेक्सासमधल्या सन बाउलचे निमंत्रण मिळाले!

नकाराची किंमत लवकरच कळली. बाउलचे उत्पन्न बुडाले, तूट भरून निघाली नाही, आणि काही आठवड्यांतच विद्यापीठाने हा संघ बंद केला. एकही सामना न हरलेला संघ पुढल्या हंगामात अस्तित्वातच नव्हता. बाउलच्या पैशाने तो तगला असता का? कदाचित एखाद-दुसरे वर्ष.

त्या संघातले नऊ जण व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये खेळले. मार्चेट्टी, मॅटसन आणि सेंट क्लेअर या तिघांना तिथल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. एकाच महाविद्यालयीन संघातून तिघे, ही दुर्मीळ गोष्ट आहे. मॅटसनने त्याआधी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिलेमध्ये रौप्यपदक जिंकले.

टोलरच्या वाट्याला हे आले नाही. १९५२ मध्येच एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. तो सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला मैदानावरील पंच म्हणून नेमले. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. तेव्हा लीगच्या आयुक्तपदी होते पीट रोझेल, १९५१ मध्ये डॉन्सच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण.