आधी टाच, मग गुडघा

हिवाळ्यातले शनिवार-रविवार मी वर्माँटमधल्या एका डोंगरावर मुलांना स्कीइंग शिकवते. तिथे नव्या स्कींवर गप्पा रंगतात. बूट मात्र लोक घाईत घेतात आणि पाय दुखला की एक नंबर मोठा घेऊन मोकळे होतात. मला हे उलटं वाटतं. स्कीपर्यंत आपलं म्हणणं पोचतं ते बुटातून, आणि बुटापर्यंत तळव्यातून. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी बूटफिटरकडे द्यावेत. स्की जुन्या चालतात.

माझा फिटर सुरुवातीला बुटाला हात लावत नाही. तो मला अनवाणी एका पायावर उभं करतो, गुडघा वाकवायला सांगतो आणि स्वतः जमिनीवर बसून मागून टाच न्याहाळतो. भार आला की माझा डावा पाय आत कलंडतो. कमान बसते, आतल्या बाजूचं हाड पुढे येतं, नडगी आत फिरते आणि गुडघा अंगठ्याच्या रेषेच्याही आत जातो. बर्फावर याचा परिणाम असा, की डावी स्की सपाट पडतच नाही, तिची आतली कड सदा धरलेली राहते. मग डावीकडे वळताना ती सोडवायला मांडी आणि कंबर झिजवावी लागते.

शिवाय कमान बसली की पाऊल लांबतं. बोटं पुढे आपटतात ती बहुतेकदा यामुळे, आणि तिथेच माणूस मोठा बूट घेऊन फसतो. बुटातला मऊ लायनर काढून नुसत्या बाहेरच्या कडक शेलमध्ये पाय घालावा, बोटं पुढे टेकवावीत. टाचेमागे साधारण दीड सेंटीमीटर जागा उरली तर बूट बरोबर आहे. अर्ध्या नंबरावर फार विचार करू नये, 24 आणि 24.5 चं शेल बहुतेक एकच असतं.

इनसोलचं काम मला सगळ्यांत आवडतं. फिटर घोट्याच्या जरा पुढे दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनी ठेवतो आणि पाऊल हलकेच आत-बाहेर डोलवतो. दोन्ही बोटांखाली हाड सारखंच लागलं की तिथे थांबतो. तापवून मऊ केलेला इनसोल त्याच अवस्थेत तळव्याखाली निवू देतो. मग खालची बाजू घासून सपाट करतो, म्हणजे बुटात तो डुगडुगत नाही. लोकांना वाटतं, इनसोल म्हणजे कमानीला टेकू. मला ते पटत नाही. मुख्य काम टाच धरण्याचं. ती खोलगट वाटीत सरळ बसली की कमान बरीचशी आपोआप सावरते. कमानीखाली कडक उंचवटा दिला तर पाऊल जखडतं, आणि कडेवर जाताना पावलाला आत झुकण्याची जी थोडी मुभा हवी असते, तीच जाते. म्हणून माझा फिटर कमानीखालचा भाग मुद्दाम पातळ घासतो.

त्याला माझ्याकडून नुसतं ‘दुखतंय’ चालत नाही. तळव्याची जळजळ म्हणजे आतले स्नायू आधार शोधत आवळले जात आहेत. बोटं बधिर होऊन गार पडणं म्हणजे पावलाच्या वरच्या बाजूची रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू दाबला जातोय. हे त्याला बाहेरून दिसत नाही, मलाच नीट सांगावं लागतं.

इनसोल झाल्यावर कफ, म्हणजे बुटाचा पोटरीभोवतीचा वरचा भाग. घोट्याजवळचा बोल्ट फिरवून कफ पोटरीच्या बाकाशी जुळवायचा, एवढंच त्याचं काम. त्याने गुडघा सरळ होईल अशी आशा धरू नये. गुडघा बघायचा तो त्यानंतर, ओळंबा सोडून. माझ्या डाव्या गुडघ्याचा ओळंबा इनसोलनंतर बराच बाहेर आला, तरी बुटाच्या मध्यरेषेच्या आतच पडत होता. तेवढ्यासाठी सोल बाहेरच्या बाजूने एक अंश तासला. सोल तासल्यावर पुढची आणि मागची कड पुन्हा 19 आणि 30 मिलिमीटरच्या ठरलेल्या मापात आणावीच लागते, नाहीतर पडल्यावर बुटाला स्कीशी जोडणारं बाइंडिंग वेळेवर सुटेल याची खात्री नाही. उजव्या बुटाचा सोल त्याने तसाच ठेवला. दोन्ही बूट सारखे दिसावेत हा आग्रह त्याला नाही.

बुटाचा कल असा जुळवण्याची तळमळ वर्माँटला जुनी आहे. इथे 1970 मध्ये बर्क माउंटन अकॅडमी काढणाऱ्या वॉरन विदरेल यांनी डेव्हिड एव्हरार्ड यांच्याबरोबर 1993 मध्ये ‘द अॅथलेटिक स्कीअर’ लिहिलं. बूट सरळ बसला नसेल तर तंत्राचे धडे वाया जातात, हे त्यांचं म्हणणं मला वर्गात रोज पटतं.

एखादं मूल एकाच बाजूला वळताना अडलं, की मी सूचना थांबवते आणि त्याला माझ्यापुढून संथ उतारावर सरळ घसरत जायला सांगते. मागून दोन्ही गुडघे दिसतात. नंतर बूट काढायला लावते. आत पुष्कळदा दोन जाड मोजे निघतात, त्यांत टाच तरंगत असते. एक पातळ मोजा घालून पुन्हा बकल लावलं, की मगच कळतं, पुढे फिटरकडे पाठवायचं की वळण शिकवायचं.