कोनवाशाखालची फट

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरात माळ्यावर पाकोळ्या राहायच्या. लहान वटवाघळांना आमच्याकडे पाकोळ्याच म्हणतात. फळ्यांवर रोज काळ्या लेंड्यांचा सडा आणि पावसाळ्यात उग्र वास. आईला वाटलं, उंदीर झालेत. सुतारकाकांनी एक लेंडी काडीने दाबली, तर तिचा भुगा झाला. आत किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे. "उंदराची अशी फुटत नाही, वहिनी," ते म्हणाले.

डांबराच्या गोळ्या ठेवल्या, रात्रभर दिवा जळत ठेवला. काही फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी पाकोळ्या बाहेर गेल्यावर मी बॅटरीच्या उजेडात सगळ्या फटी सिमेंटने लिंपल्या. आता घर मोकळं झालं, असं वाटलं. पहाटे त्या परत आल्या आणि लिंपणाला बिलगून राहिल्या. माळ्यावरून बारीक चिरचिर ऐकू येत होती, तिचा अर्थ मला लागला नाही. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. वर जाऊन पाहिलं, तर फळ्यांवर सात पिल्लं मरून पडली होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं.

दोन वर्षांनी कौलं सरकली आणि पाकोळ्या पुन्हा आल्या. या वेळी मी तीन दिवस तिन्हीसांजेला खळ्यात बसून नुसतं पाहिलं. सगळ्या कोनवाशाखालच्या एकाच फटीतून निघत होत्या. फट जेमतेम अंगठा जाईल एवढी. त्या गेल्यावर मी माळ्याला कान लावायचो. चिरचिर होती तोवर कशालाच हात लावला नाही. ती थांबली, पुढचे आठ दिवस काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा बाकीच्या फटी बुजवल्या आणि या फटीवर बारीक जाळी ठोकली. वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की, खाली दीड फूट मोकळी सोडलेली. बाहेर पडताना पाकोळी जाळीआडून खाली सरकते आणि सुटते. परतताना मात्र ती थेट फटीच्या तोंडाशीच येते, तिथे जाळी आडवी येते. आठवड्याने एकही निघेना, तेव्हा ती फटही बुजवली.

लेंड्या झाडताना धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडलं, तोंडाला मास्क लावला. पाकोळीला उघड्या हाताने कधीच धरू नये. तिच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो.

गोठ्याच्या वळचणीची फट मात्र मी तशीच ठेवली आहे. संध्याकाळी तिथून त्या निघतात आणि खळ्यावरचे डास टिपत फिरतात.