नावामागचा माणूस

अनोळखी शहरात माणूस पाट्यांच्या आधाराने फिरतो. बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला कन्नड वाचता आले नाही, तरी बसचा क्रमांक ओळखता येतो. तोही कळला नाही, तर वाहकाला विचारता येते. संगणकाच्या पडद्यावरील बिनतारी जाळ्यांची यादी हीसुद्धा एक पाटीच आहे. मात्र तिच्याजवळ विचारायला कोणी उभे नसते.

वायफाय सुरू केले की ही यादी उघडते. आसपासच्या घरांतील, दुकानांतील आणि कार्यालयांतील राउटर आपापले नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतात. संगणक ती नावे टिपतो आणि एकाखाली एक मांडतो. नावापुढे लहरींच्या कमानी आणि एखादे कुलूप, एवढाच तपशील. नावाला जागाही बेताचीच : रोमन लिपीतील ३२ अक्षरे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिप्पट जागा घेते, म्हणून मराठी नावाच्या वाट्याला १० चिन्हेच येतात.

या तुटपुंज्या खुणांतून माणूस नाना अर्थ काढतो. कमानी पूर्ण भरलेल्या दिसल्या की इंटरनेट वेगाने चालेल, असे त्याला वाटते. वास्तविक त्या राउटरपर्यंतचीच वाट सांगतात; तेथून पुढची तार तुटलेली असली, तरी कमानी भरलेल्याच दिसतात. कुलूप पाहून एखाद्याला वाटते, हे आपल्यासाठी नाही. खरे तर पासवर्ड लागेल आणि राउटरपर्यंत मजकूर सांकेतिक रूपात जाईल, एवढाच कुलपाचा अर्थ. कुलूप नसलेले जाळे उघड्या दारासारखे भासते. परंतु संकेतस्थळाने स्वतः संरक्षण दिले नसेल, तर त्यातून जाणारा मजकूर जवळपासचा जाणकार वाचू शकतो.

२००४ साली विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीत या यादीतील चिन्हांना शब्दांची जोड मिळाली. कोणत्या जाळ्याला सुरक्षा आहे आणि कोणत्याला नाही, हे लिहून दाखवले जाऊ लागले. पाऊल चांगले होते. पण पासवर्ड असलेल्या जाळ्याचा मालक प्रामाणिक आहे, याची हमी त्या शब्दांत नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये बेंगळुरूच्या एम. जी. रोडसारख्या गजबजलेल्या ठिकाणी ‘नम्म वायफाय’ ही मोफत सरकारी सेवा सुरू झाली. ‘नम्म’ म्हणजे ‘आपले’. नाव आपुलकीचे खरे. परंतु असे कोणतेही नाव कोणीही आपल्या राउटरला देऊ शकतो आणि यादीत खरे-खोटे शेजारी शेजारी, सारखेच दिसते.

याच शहरात या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक काम झाले आहे. २००५ साली सुरू झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात इंद्राणी मेधी, केंटारो तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी अक्षरांविना चालणारा पडदा तयार केला. वस्त्यांतून राहणाऱ्या घरकाम करणाऱ्या स्त्रियांना त्यावर काम शोधता यावे, हा हेतू होता. चित्रे त्या स्त्रियांनाच दाखवून पारखली गेली. नुसती भांडी काढली, तर त्यांना ते स्वयंपाकघर वाटे; नळाचे पाणी वाहताना दाखवले, की भांडी घासण्याचे काम लक्षात येई. सोबत बोलका आवाजही ठेवला होता. तरीही एक शंका उरली : या यंत्राला कामाची बातमी कोठून कळते? काम देणाऱ्या व्यक्तीपासून ती माहिती संगणकापर्यंत कशी पोहोचते, याची छोटी चित्रफीत दाखवल्यावर त्या अधिक विश्वासाने पडदा हाताळू लागल्या. त्यांना बटणाइतकीच त्यामागच्या माणसाची ओळख हवी होती.

जाळ्यांच्या यादीलाही हाच धडा लागू पडतो. पूर्वी वापरलेले जाळे सर्वांत वर असावे. कुलपाजवळ ‘पासवर्ड लागेल’ असे सोप्या भाषेत लिहिलेले असावे. जोडणी होऊनही इंटरनेट नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. अनोळखी खुल्या जाळ्याला जोडण्यापूर्वी ‘हे जाळे कोणाचे, ते तुम्हांला ठाऊक आहे का?’ असा प्रश्न यावा. यांपैकी काही सोयी आज अनेक उपकरणांत आहेत. परंतु नावामागचा मालक खरा कोण, हे यादी सहसा सांगत नाही. म्हणून दुकानात वा स्थानकावर तेथील कर्मचाऱ्याला जाळ्याचे नेमके नाव विचारून घेणे आणि खुल्या जाळ्यावर पैशांचे व्यवहार टाळणे, हाच शहाणपणा.

यादीपुढे अडखळलेला माणूस बहुधा स्वतःलाच अडाणी ठरवतो. शेजारच्या मुलाच्या हाती फोन देतो आणि पुढच्या वेळी विचारण्याचाही संकोच करतो. जो पडदा लाखो लोकांसाठी आहे, तो लाखोंना समजला पाहिजे; ही जबाबदारी तो घडवणाऱ्याची आहे. वापरणाऱ्याने मात्र विचारण्यास लाजू नये. पाटी कळली नाही, तर वाहकाला विचारण्यात कमीपणा नसतो. येथेही तो नाही.